चिंधीची वांगी

स्वतःच्या वावरात शिरायला तुळजाबाईला रोज सकाळी सही करावी लागे. हिरव्या पत्र्याच्या कुंपणाला फाटक होतं, फाटकाशी प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत बजरंग वॉचमन आणि त्याच्या मांडीवर रजिस्टर. सही झाली की पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवायचं, मगच आत पाऊल. पदरावर हेल्मेट बसत नसे. घसरून डोळ्यांवर येई आणि बाई एका हातानं ते सावरत, दुसऱ्या हातात विळा-खुरपं घेऊन सळयांच्या भाऱ्यांतून वाट काढत जाई. लग्न होऊन आली तेव्हा डोक्यावर बाजरीच्या पेंढ्या घेऊन याच वाटेनं गेली होती. आता बासष्टाव्या वर्षी हे.

"कोणाला भेटायचं?" बजरंगनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"वांग्यांना," तुळजाबाई म्हणाली होती.

बजरंग बीडकडचा, घरी दोन एकर कोरडवाहू. त्यानं हसू दाबलं आणि जसंच्या तसं लिहून घेतलं. तेव्हापासून रजिस्टरात रोज तीच ओळ पडे. कोणाला भेटायचे: वांगी. कामाचे स्वरूप: शेती.

पुण्याजवळच्या मांजरीत तिच्या नवऱ्याची, आप्पासाहेबांची, अडीच एकर जमीन. विहिरीजवळची वांगी सोडली तर सगळा ऊस. शेजारपाजारची वावरं एकेक करून बिल्डरकडे गेली, कालव्याचं पाणी कधी येईल ते सांगता येईना, आणि तीन बाजूंनी बारा-बारा मजल्यांच्या मधोमध ऊस तोडायला टोळी यायला तयार होईना. गेल्या उन्हाळ्यात आप्पासाहेबांनी व्यवहार ठरवला. दोन फ्लॅट मिळणार होते, एक आपल्याला, एक मुलाला, साईनाथला. जुनं घर आणि गोठा पाडला, मंडळी समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेली.

दसऱ्याला करार झाला, त्यावर तुळजाबाईचीही सही लागत होती. ती सहीला बसली आणि पेन खाली ठेवून म्हणाली, "हिरीजवळचे अकरा गुंठे आत्ता न्हाई. तिथलं पीक निघाल्याबिगर मी देणार न्हाई."

वकिलाला घाई होती. वांगी ती किती दिवस टिकणार, असा त्यानं शहरी हिशेब केला आणि करारात एक वाक्य वाढवलं: विहिरीलगतचे अकरा गुंठे उभे पीक निघेपर्यंत लिहून देणार यांच्या ताब्यात राहतील. हे वाक्य पुढे त्याला चांगलंच भोवणार होतं.

त्या अकरा गुंठ्यांत मांजरीचं गोटा वांगं होतं. जांभळं, अंगावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे, मुठीत न मावणारं. मांजरीत दहा घरं सांगतील की हे वाण मूळचं आमचंच. तुळजाबाई त्या भांडणात पडत नसे, कारण दहातल्या नऊ घरांकडे आता बी उरलेलंच नव्हतं. मंडईत मात्र अजून विचारणारी माणसं होती. एकदा अळीनं सगळं खाल्लं म्हणून तिनं विकत आणलेल्या रोपांची वांगी नेली होती. सदाशिव पेठेतल्या वासंतीबाईंनी एक उचललं, अंगठ्यानं दाबलं आणि परत पाटीत ठेवलं. "मांजरीच्या तुम्ही आहात, वांगी नाहीत," एवढं बोलून त्या पुढे गेल्या. तुळजाबाईला ते शब्द थोबाडीत बसल्यासारखे लागले होते. बाईचं काही चुकलं नव्हतं, हे जास्त लागलं.

आणि यंदा बी संपत आलं होतं. गेल्या उन्हाळ्यात गोठा पाडला तेव्हा वांग्याचं बी भरून आढ्याला टांगलेला वाळका भोपळा तसाच राहून गेला. मशीनवाल्यानं पत्र्यासकट खाली ओढला. मातीतून वेचून निघालं ते चिमूटभर बी तिनं जूनमध्ये सगळंच्या सगळं गादीवाफ्यावर टाकलं. त्यातून जी रोपं उभी राहिली तेवढंच आता ते वाण.

बियाण्याची वांगी राखायची रीत तिला सासूनं शिकवली होती. ज्या झाडाला अळी कमी, फांदी ठेंगणी, फळ भरदार, ते झाड हेरायचं. त्याचं सगळ्यात देखणं फळ तोडायचं नाही. त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि ते झाडावरच पिकू द्यायचं, जांभळ्याचं पिवळं होईपर्यंत. दीड-दोन महिने लागतात. तोवर बी आत पांढरं आणि पोचट असतं, टाकून उगवत नाही. कार्तिकात तिनं आणि सुनेनं, हेमानं, बारा झाडांवर चौदा चिंध्या बांधल्या होत्या.

"आत्याबाई, आजून जांभळीच हायेत की," हेमा वाकून म्हणाली.

"मग काय तुझ्या म्हन्यानं पिकतील? म्हैना धर आजून."

आप्पासाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते उसाचे. उसाला बी लागत नाही, बेणं लागतं. कांडी तोडली, सरीत दाबली, पाणी सोडलं. वांगी म्हणजे बायकांची दोन वाफ्यांची भानगड, एवढंच त्यांच्या डोक्यात. चाळीस वर्षं संसार केला तरी नवऱ्याला सगळं सांगून होत नाही.

मार्गशीर्ष लागला. साइटवरचा आमोद नावाचा इंजिनिअर रोज एकदा वांग्यांच्या कडेला येऊन उभा राही. पुण्यातल्या पेठेतला मुलगा, पायात बूट, हातात मोबाइल.

"आजी, चंपाषष्ठीपर्यंत म्हणाला होतात. मी हेड ऑफिसला तसं कळवलंय. आपल्यामुळे आमची बी विंग अडून बसलीय, एवढं फक्त लक्षात असू दे."

"वांगेसट झाली की बघू."

"बघू म्हणजे पुण्यात नाही असा अर्थ होतो, आजी."

"तुमच्यात हुईत आसंल. आमच्यात बघू म्हंजी बघू."

वांगेसट, म्हणजेच चंपाषष्ठी, मांजरीत मोठी. आषाढात एकादशीला वांगं बंद होतं ते या दिवशी खंडोबाला वांग्याच्या भरताचा आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच तोंडात घालायचं. तुळजाबाई चार महिने वांगी विकत होती, पण घरात एक फोड शिजली नव्हती. देवळाच्या पाच पंचांत आप्पासाहेब एक. भरताची वांगी त्यांच्या घरची, हा मान आजोबांपासूनचा.

त्या दिवशी पहाटे तुळजाबाई आणि हेमा देवळात रोडग्याचं पीठ मळायला गेल्या. वांगी आदल्या दिवशीच तोडून दोन पाट्या भरून ठेवल्या होत्या. देवळामागं मोकळी जागा होती, देवाच्याच नावावरची, सहा गुंठे. तिथं गाजरगवत माजलं होतं आणि गेल्या लग्नसराईतल्या पत्रावळ्या पडल्या होत्या. त्यातलाच कोपरा झाडून बायकांनी गोवऱ्यांचा जाळ केला होता.

आठच्या सुमारास आप्पासाहेब आणखी एक पाटी डोक्यावर घेऊन आले. धोतर गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेलं, कपाळाला भंडारा, चेहऱ्यावर समाधान.

"यंदा शेवटची वांगेसट आपल्या रानातली," ते बायकांना म्हणाले. "काय कमी पडाया नको."

पाटी जाळाशी रिकामी झाली. तुळजाबाई पाठमोरी होती, तिचे दोन्ही हात पिठात. वांग्यांची सालं तडकू लागली, वास सुटला. ती वळली ती जाळातलं वांगं फिरवायला. एका वांग्याच्या देठाला काहीतरी जळत होतं. निळ्या लुगड्याची चिंधी, तिनंच मारलेली गाठ.

तिनं चिमटा शोधला नाही. हातच जाळात घातला. एक काढलं, दुसरं काढलं, बोटं भाजली तरी तिसरं काढलं. हेमा ओरडली, "आत्याबाई, हात!" तुळजाबाईनं ते वांगं मातीवर ठेवून अंगठ्यांनी फाडलं. वाफ आली. आत बी पांढरं, कोवळं, पाण्यासारखं. जाळात पडलं नसतं तरी त्याचा उपयोग नव्हता, झाडावरून तुटलं तेव्हाच ते संपलं होतं.

"किती आनली?" तिनं विचारलं.

"समदी," आप्पासाहेब म्हणाले. "चौदा. मोजून आनली. का गं?"

"चिंध्या दिसल्या न्हाईत तुमास्नी?"

"दिसल्या म्हनून तर आनली! देवाची न्हवं का ती? आई बांधायची तवापास्नं बघतोय मी. चिंधीच्या वांग्याला हात लावू नगा रं, देवाची हायेत ती, आसं म्हनायची. आमी पोरं कदी जवळ बी जात नव्हतो."

तुळजाबाईला आता उलगडलं. सासूनं पोरांना धाकात ठेवायला देवाचं नाव घेतलं होतं. पोर अडुसष्ट वर्षांचं झालं तरी धाक उतरला नव्हता. कुणावर चिडावं तेच तिला कळेना. सासू वर गेलेली, नवरा समोर भंडारा लावून उभा.

"ती देवाची नव्हती," ती म्हणाली. "बियान्याची व्हती."

आप्पासाहेबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. मग तळी भरली, येळकोट झाला, चिंधीच्या वांग्यांसकट सगळं भरीत अख्ख्या आळीनं बोटं चाटून खाल्लं. तुळजाबाईनं नैवेद्याला हात जोडले, पण घास घेतला नाही.

घरी आल्यावर हेमानं तिच्या बोटांना कोरफड लावली. साईनाथ वाघोलीला गोडाऊनवर सुपरवायझर होता. त्याला संध्याकाळी सगळं कळलं.

"आई, तू टेन्शन घेऊ नको. बियाण्याची पाकिटं मिळतात. उद्या आणतो, सेम गोटा वांगं, फोटो बी सेम असतोय."

"ते एक साल येतं. त्याचं बी धरून पेरलं तर पोर आईवर न्हाई, बापावर न्हाई, भलत्याच कुनावर जातंय."

"मग दुसऱ्या कुणाकडं तरी असंल की आपलं बी."

म्हणून तिनं वाघोलीच्या नणंदेला, मंदाकिनीला, फोन लावला. पाठवणीच्या वेळी सासूनं तिच्या ओटीत बी घातलं होतं.

"वैनी, कशाचं बी घेऊन बसलीस," मंदाकिनी म्हणाली. "आमच्या वावरात कॉलेजच्या बसगाड्या उभ्या ऱ्हात्यात. दोन कुंड्या हायेत गॅलरीत, त्यात बी कोरफडच."

आणखी चार फोन झाले. कुठं पार्किंग होतं, कुठं मंगल कार्यालय. साईनाथ म्हणाला, "आई, एक बोलू का? पीक तर आता निघालंच. मंडेला ते जेसीबी लावणार. काम लेट झालं तर आपलंच पझेशन लांबतंय. तुझ्या नातवाची शाळा, भाडं, सगळं लटकलंय."

मुलगा वाईट नव्हता, आणि खोटं काही बोलतही नव्हता. तुळजाबाईनं भाजलेली बोटं पदराखाली घेतली. आप्पासाहेब दाराशी पाट टाकून बसले होते.

"झाडं हायेत आजून," ती म्हणाली.

"म्हातारी झाल्यात आत्याबाई," हेमा म्हणाली. "शेंड्याला सगळी अळी. चार वाकडीतिकडी लागली तर लागली."

"म्हातारी झाली म्हनून काय झालं? कापायची."

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी फाटकाशी. सही, हेल्मेट, आत. तुळजाबाईनं विळ्याला धार लावून आणली होती. पहिल्या झाडाशी बसली, खोडाला हात लावून अंदाज घेतला, जमिनीपासून वीतभर सोडून तिरका काप दिला. झाड पडलं. काटे तळव्यात शिरले. कालच्या फोडांवर फडकं गुंडाळलं होतं, ते सैल झालं, दातांनी आवळून पुन्हा बांधलं. हेमा कापलेल्या फांद्या लांब नेऊन जाळत होती, अळीसकट. चिंध्यांची बारा झाडं तुळजाबाईनं स्वतः कापली, बाकीची वाटून घेतली. दुपारपर्यंत अकरा गुंठ्यांत नुसती खुंटं उरली.

सोमवारी आमोद जेसीबी घेऊन आला तेव्हा दोघी खुंटांच्या बुडाशी शेणखत ओढत होत्या.

"वा आजी, मळणी-झाडणी सगळं तुम्हीच उरकलंत. उपकार झाले." त्यानं ड्रायव्हरला हात केला.

तुळजाबाई उठून बकेटच्या पुढ्यात उभी राहिली. हेल्मेट तिरकं झालेलं, हात कोपरापर्यंत शेणात.

"पीक उभं हाय," ती म्हणाली.

"कुठं?"

"ह्ये काय."

"आजी, या काड्या आहेत. पीक म्हणायला काहीतरी हिरवं असावं लागतं, एवढं आम्हाला शाळेत शिकवलंय."

"शाळंत शिकिवलं आसंल. वावरात न्हाई शिकिवलं. ह्यो खोडवा हाय. बुडातनं पुन्ना फुटंल."

आमोदनं खुंटाचा फोटो काढला, हेड ऑफिसला पाठवला, फोनवर बोलत दोन फेऱ्या मारल्या. वकिलाला करारातलं ते वाक्य वाचून दाखवावं लागलं. उभे पीक म्हणजे किती उभे, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळू लागला. शेवटी आमोद आला.

"दहा दिवस. दहा दिवसांनी पान दिसलं तर पीक, नाही दिसलं तर लाकूड. मान्य?"

"मान्य."

"आणि विहिरीवरची मोटर साइटची आहे. ती शेतीला देता येणार नाही, मी आत्ताच सांगून ठेवतो."

फुटव्याला पाणी लागतं, हे आमोदला ठाऊक होतं की नव्हतं देव जाणे. कुंपणापलीकडं स्लॅबवरून पाणी धो-धो वाहत होतं, पण ते सिमेंटचं, झाडाला विष. तुळजाबाईनं आणि हेमानं विहिरीतून बादल्या ओढल्या. चारशे खुंटं, खुंटाला एक तांब्या. पहिल्या दिवशी निम्मीसुद्धा झाली नाहीत. दुसऱ्या दिवशी हेमाला कमरेत उसण भरली. तिसऱ्या दिवशी तुळजाबाईच्या बोटांचे फोड फुटले आणि दोराला रक्त लागलं. तिनं दोर मातीत पुसला आणि पुन्हा सोडला.

चौथ्या दिवशी सकाळी बजरंगनं रजिस्टर पुढं केलं तर तिच्या आधी एक सही होती. डुगडुगती, मोठ्या अक्षरांतली. कोणाला भेटायचे, या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

आप्पासाहेब विहिरीच्या काठावर उभे होते. धोतराचा कासोटा आवळलेला, डोक्यावर मुंडाशावरच हेल्मेट. कुठून तरी मोठा पत्र्याचा डबा पैदा केला होता, त्याला जाड कासरा बांधला होता. विहिरीच्या तोंडाशी पाणी ओतायचं दगडी थारोळं साफ केलेलं, तिथून वांग्यांपर्यंत फावड्यानं पाट ओढलेला, सरळ, दोरी धरल्यासारखा. चाळीस वर्षं उसाला पाणी पाजलेल्या माणसाचा पाट होता तो.

"तू दारं धर," ते बायकोकडं न बघता म्हणाले. "मी वडतो."

एवढंच. वांगेसटीनंतर त्यांच्यात झालेलं पहिलं बोलणं.

ते ओढत राहिले. डबा वर येई, थारोळ्यात ओतला जाई, पाणी पाटातून अडखळत जाई आणि तुळजाबाई फावड्यानं माती सारून एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सोडी. तासाभरानं आप्पासाहेबांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. हेमानं चहा आणला, तो त्यांनी उभ्यानंच घेतला. हातांची सालटी गेली. साठ डबे झाल्यावर ते काठावर बसले आणि पाण्याकडं बघत म्हणाले, "आई लबाड बोलली म्हनायची."

"पोरांपुढं बोलावंच लागतंय."

"मला तरी सांगायचं."

"तुमी कदी इचारलं?"

ते उठले आणि पुन्हा कासरा धरला.

पाचव्या दिवशी आले, सहाव्या दिवशी आले. आमोद लांबून बघे. सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो बजरंगला म्हणाला, "त्या मोटरचं बटण कुणी चुकून चालू केलं तर मला आवाज ऐकू येत नाही. मी जेवताना हेडफोन लावतो." मग सुट्टीचा अर्धा तास मोटर रोज चुकून चालू राहू लागली.

नवव्या दिवसापर्यंत खुंटं काळीच होती. दहाव्या दिवशी तुळजाबाई सगळ्यांच्या आधी आत गेली. पहिल्या ओळीत काही नाही. दुसऱ्या ओळीत काही नाही. ती खाली बसली, हेल्मेट काढून बाजूला ठेवलं, आणि चिंधीच्या तिसऱ्या झाडाच्या बुडाशी डोळे नेले. सालीतून मोहरीएवढा कोंब वर आला होता, जांभळट, केसाळ. तिनं त्याला बोट लावलं नाही. नुसती बसून राहिली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी तिनं ते पुसलं नाही.

आमोद आला, वाकला, मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला.

"याला पान म्हणायचं?"

"तुमी म्हनू नगा. चार दिवसांनी आपूआप म्हनाल."

"हेड ऑफिसला काय सांगू?"

"सांगा, पीक उभं हाय."

त्यानं तसंच कळवलं. हेड ऑफिसनं बी विंगचं काम मागं ढकलून ए विंग पुढं घेतली. साईनाथ दोन दिवस आईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गोडाऊनवरून फवारणीचा जुना पंप घेऊन आला आणि दाराशी ठेवून म्हणाला, "कडुनिंबाचा अर्क मारायचा तर याला नोझल बारीक हाय. चालंल." तुळजाबाईनं त्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.

माघात फुलोरा आला. फाल्गुनात फळं धरली. या वेळी तिनं वीस चिंध्या बांधल्या, आणि बांधताना आप्पासाहेबांना शेजारी बसवलं. "ह्ये झाड का? आन ह्ये का न्हाई?" ते विचारत. ती सांगे. त्यांनी स्वतः तीन चिंध्या बांधल्या, गाठी उसाच्या मोळीला मारतात तशा, सुटता सुटेनात. चैत्रात उन्हानं फळं पिवळी पडू लागली आणि त्या पिवळ्या फळांकडं पाहून साइटवरचे मजूर म्हणत, म्हातारीनं सगळी वांगी सडवली.

वैशाखात तिनं ती तोडली. घरात चार दिवस ठेवून मऊ केली, फोडली, बी पाण्यात चोळलं. पोचट वर तरंगलं ते फेकलं, जड तळाला बसलं ते घेतलं. सावलीत वाळवलं, राखेत कालवलं. या खेपेला भोपळा एकच नव्हता. एक हेमाच्या माहेरी, एक मंदाकिनीकडं, कुंडीसाठी का होईना. आणि एक चिमूट कागदाच्या पुडीत बजरंगला.

"आमच्याकडं पाणी कमी हाय, मावशी," तो म्हणाला.

"दोन झाडं जगव. पन चिंधी बांध."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आमोदकडं गेली. "पीक निघालं," म्हणाली. "आता या."

"आजी, ही झाडं अजून एक वर्ष चालली असती ना? मी वाचलं परवा."

"चालली आसती. पन मी सबूद दिला व्हता, पीक निघंपत्तूर. निघालं." तिनं हेल्मेट त्याच्या टेबलावर ठेवलं. जेसीबी चालला तेव्हा ती तिथं थांबली नाही. थांबवलंच नसतं तिच्यानं.

राहिला प्रश्न पेरायचं कुठं. तो आप्पासाहेबांनी सोडवला. देवळाच्या पंचांची बैठक होती, देवळामागच्या सहा गुंठ्यांत फरशा टाकून गाड्या लावायला जागा करायची म्हणून. चारही पंच राजी होते. आप्पासाहेब जन्मात बैठकीत दोन वाक्यांवर बोलले नव्हते. त्या दिवशी ते उभे राहिले.

"औंदा वांगेसटीला देवाला वांगी कुठनं आननार?"

"बाजारातनं आणू की, आप्पा. किलोनं मिळत्यात."

"आन मान?"

"मान तुमचाच. पिशवी तुम्हीच धरा."

माणसं हसली. आप्पासाहेब हसले नाहीत. "जिमीन मी इकली," ते म्हणाले. "माझ्या हातानं सही केली, कुनाला बोल न्हाई. पन ही जागा देवाची हाय, ही आपुन कुनी इकू शकत न्हाई. इथं देवाची वांगी हुतील. गाड्या लावायच्या त्यांनी माझ्या फ्लॅटखाली लावाव्यात." आणि ते बसले नाहीत. हो म्हणेपर्यंत उभेच राहिले. पाऊण तास लागला.

जूनमध्ये गाजरगवत उपटलं, पत्रावळ्या वेचल्या. आषाढात रोपं लागली. एकादशीनंतर घरात वांगं बंद झालं ते झालं. देवळामागं झाडं कमरेला आली, आणि कार्तिकात नवराबायकोनं मिळून चिंध्या बांधल्या.

एका सकाळी आमोद दर्शनाला आला. बी विंगचा चौथा स्लॅब पडला होता. प्रसाद घेऊन तो मागं गेला, ओळींतून फिरला आणि चिंधी बांधलेल्या सगळ्यात मोठ्या वांग्यापाशी थांबला. गुळगुळीत, रेघा उठलेल्या, काट्यांचा देठ.

"आप्पासाहेब, हे एक नेतो. आईला दाखवतो, तिचा विश्वास बसत नाही." त्यानं हात पुढं केला.

तुळजाबाई खुरपणं सोडून उठायला लागली. तिला सांगायचं होतं, बियाण्याचं आहे, दीड महिना लागतो, सगळं. पण आप्पासाहेब आधी बोलले. फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून, खणखणीत आवाजात.

"हात लावायचा न्हाई. देवाची हायेत ती."

आमोदनं चटकन हात मागं घेतला. नकळत पायातले बूटही त्यानं वाफ्याबाहेर जाऊन काढले. आप्पासाहेबांनी दुसऱ्या ओळीतली दोन चांगली वांगी तोडून त्याच्या पिशवीत टाकली.

तुळजाबाई खाली बसली आणि तोंडाला पदर लावून पुन्हा खुरपू लागली. हसू आवरायला तिला अख्खी ओळ लागली.